लहान कुत्र्याचा विमा काढावा का?
पॉमेरेनियनसारखी लहान कुत्री 12 ते 15 वर्षं सहज जगतात आणि त्यांचा मोठा खर्च उतारवयात येतो: हृदयाची झडप गळू लागते, रोजच्या गोळ्या सुरू होतात. नेमक्या त्याच वयात नवी पॉलिसी मिळणं अवघड, आणि आधीचे आजार तर वगळलेलेच असतात. मग हप्त्याइतके पैसे दरमहा बाजूला टाकलेले काय वाईट, असं कुणी विचारेल. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी तेच बरं. पण पिल्लाने सोफ्यावरून उडी मारली आणि पुढच्या पायाचं काडीसारखं हाड मोडलं, तर प्लेट बसवण्याचा खर्च चार महिन्यांच्या बचतीतून भागत नाही. म्हणून माझ्या मते विमा पिल्लू असतानाच घ्यावा. मात्र गुडघ्याची वाटी सरकण्यासारखे आनुवंशिक दोष त्यात धरलेत का, हे सहीआधी तपासावं.