बारवेच्या गाळात कोण उतरणार?

नेकनूरहून एस.टी.ने बीडला निघाले, की मांजरसुंब्याचा घाट उतरल्यावर बीडच्या अलीकडे खजाना विहीर लागते. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधविली. मोट न लावता भुयारी पाटाने शेतांना पाणी जावे, अशी तिची रचना. सलाबतखानाचे नाव जिल्ह्यात ठाऊक आहे. पण दगड फोडणाऱ्यांची, माती उपसणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

मराठवाड्यात अशा जुन्या बारवा पुष्कळ आहेत. नळ आले, बोअर आले आणि कित्येक बारवांची कचराकुंडी झाली. २०२० पासून रोहन काळे यांच्या 'महाराष्ट्र बारव मोहिमे'मुळे ठिकठिकाणचे तरुण त्या साफ करू लागले, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावू लागले. आम्हांला हे काम मनापासून आवडते.

परंतु एक प्रश्न विचारलाच पाहिजे. गावात सफाई निघाली, की सर्वांची नजर प्रथम आपल्या वस्तीकडे का वळते? गाळात आपली पोरे आणि फोटोत दुसरेच, असे का? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले! पाणी पिणारे घाण आणि शेण ओतणारे स्वच्छ! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

गाडगेबाबा गावात येत, ते स्वतःच खराटा हाती घेत. आधी रस्ते झाडत, मग रात्री कीर्तन. त्यांच्याच नावाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. खराटा सर्वांच्या हाती, हीच त्यातली खरी गोष्ट.

तेव्हा आपल्या गावातली बारव साफ करायची झाली, तर आपण जरूर जावे, पण घरटी एक माणूस सर्व आळ्यांतून आले तरच. जीव मात्र सांभाळावा. खोल तळाशी विषारी वायू साठतो. त्याची तपासणी झाल्याशिवाय कोणीही उतरू नये, मुलांना तर उतरवूच नये. भिंतीतले पिंपळ-उंबर हिसकून उपटू नयेत, दगड निखळतात. आधी बुंध्याशी कापावेत.

आणि गाळ निघून पाणी वर आले, की ते कोणी कोणी न्यायचे, हे पहिले घमेले उचलण्याआधीच ग्रामसभेत लिहून घ्यावे.