चिखलातली चाकोरी

सप्टेंबर २०११. स्वित्झर्लंडमधील शांपेरी या डोंगरगावी माउंटन बाइकिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होती. प्रकार होता ‘डाउनहिल’, म्हणजे डोंगरावरून एकेकट्याने सायकल सोडायची आणि कमीत कमी वेळात पायथा गाठायचा. उतार आधीच छातीत धडकी भरवणारा, त्यात पावसाने वाटेचा पार राडा केलेला. पण त्याच चिखलातून ब्रिटनचा अवघ्या १९ वर्षांचा डॅनी हार्ट असा काही खाली आला, की दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक तब्बल ११ सेकंदांनी मागे राहिला!

हे साधते कसे? चिखलात नुसती ताकद कामाची नाही. तिथे हवा हलका हात. हँडल घट्ट आवळून धरले की चाक हमखास घसरते. अचानक ब्रेक दाबणे किंवा झटक्यात वळणे म्हणजे लोळण घेण्याला आमंत्रणच! वेग आधीच कमी करावा, गिअर हलका ठेवावा आणि पेडल एका लयीत मारत राहावे. चढावर सीटवरून उठू नये, कारण वजन मागच्या चाकावर असेल तरच ते माती धरते. टायरमधील हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. ओल्या मुळ्या निसरड्या असतात. त्या तिरक्या न ओलांडता सरळ ओलांडाव्यात.

माती कोणती, हेही पाहायला हवे. कोकणातल्या जांभ्यावरून पाणी लवकर निचरून जाते. देशावरची काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चिकटतात आणि शेवटी चाकच फिरेनासे होते. मग सायकलवर बसण्याऐवजी सायकलच खांद्यावर घ्यावी लागते!

पण खरा प्रश्न सायकलीचा नाही, वाटेचा आहे. ओल्या मातीत चाक रुतले की चाकोरी पडते. पुढच्या सरीचे पाणी त्याच चाकोरीतून धावते, माती वाहून नेते आणि पाहता पाहता पायवाटेची घळ होते. डबके टाळून कडेने जाणारे तर वाट दर खेपेला रुंद करतात आणि कडेचे गवत तुडवतात. म्हणून लहानसे डबके मधूनच पार करावे. कॅलिफोर्नियात डोंगरवाटा सायकलींना बंद होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या सायकलस्वारांच्या मंडळांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन संघटना उभारली. वाट जपली नाही तर ती हातची जाईल, हे त्यांनी ओळखले होते. ओल्या वाटांची जास्त काळजी घ्या, हे तिच्या नियमांत आजही आहे.

घरी परतल्यावर सायकल साध्या पाण्याने धुवावी. जोरदार फवारा बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. चेन कोरडी करून तिला तेल द्यावे आणि ब्रेकचे पॅड तपासावेत. चिखलातली बारीक रेती त्यांना पॉलिशपेपरसारखी घासून काढते.

आणि चाकामागे खोल चर उमटतो आहे असे दिसले तर? सरळ मागे फिरावे. दोन दिवस ऊन पडले की वाट पुन्हा टणक होईल. शर्यतीत मान पुढे जाणाऱ्याला मिळतो. डोंगरवाटेवर मात्र वेळीच मागे फिरणाराही तितकाच कसलेला सायकलस्वार!