सागवानापलीकडची खुर्ची

जुनी लाकडी खुर्ची विकायला निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: सागवानी आहे का? हो म्हटलं की भाव चढतो, नाही म्हटलं की खुर्ची भंगारात जमा. या सवयीपायी मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या कितीतरी खुर्च्या मातीमोल गेल्या. काळपट पॉलिशची, गोल बैठकीची, वाकवलेल्या पाठीची ती खुर्ची सागाची नसतेच. ती बीच या युरोपीय झाडाची, उचलायला हलकी. तिची किंमत घडणीत आहे.

मिखाएल टोनेट या जर्मन कारागिराने भरीव लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची रीत व्हिएन्नात पक्की केली आणि १८५६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लाकूड वाकवताना बाहेरची बाजू ताणून फाटते. त्याने त्या बाजूला पोलादी पट्टी आवळली, त्यामुळे बाहेरचे तंतू ताणले जाईनात, आतले तेवढे दबत गेले. १८५९ ची त्याची चौदा नंबरची खुर्ची म्हणजे सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून त्या जहाजाने दूरदेशी पाठवणं परवडे. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि कोन, मुंडुस अशा कारखान्यांनी त्याच धर्तीचा माल काढला. तेव्हा विक्रेत्याने टोनेटचं नाव घेतलं म्हणून लगेच भाव देऊ नये.

खुर्ची उलटी करावी. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा लाकडात उठवलेला शिक्का शोधावा. तो नसला तरी लाकडातल्या रेषा बोलतात. खऱ्या वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळते, पाठीच्या कमानीवरून थेट मागच्या पायापर्यंत अखंड उतरते. फळीतून कापून काढलेल्या नकलेत वळणावर रेषा आडवी तुटते आणि नेमकी तिथेच खुर्ची मोडते. ही एक खूण नीट पाहता आली तर निम्मी परीक्षा झाली. बीचवर बारीक तपकिरी ठिपके-रेघोट्या असतात. त्या पॉलिश न लागलेल्या जागी, म्हणजे बैठकीखाली, स्वच्छ दिसतात. वेताची जुनी बैठक कड्यातल्या भोकांतून हाताने विणलेली असते. भोकांऐवजी सलग खाच असली तर यंत्रावर विणलेली वेताची जाळी बसवण्याची ती सोय. स्टार स्क्रू दिसले तर ते बहुधा नंतरच्या दुरुस्तीचे, कारण ते १९३० च्या दशकात बाजारात आले.

सागवानी, शिसवी खुर्च्यांची कसोटी वेगळी. लाकूड वाढवलयांच्या दिशेने जास्त आणि वलयांना छेदणाऱ्या दिशेने कमी आकसतं, म्हणून जुना कातीव पाय दोन बाजूंनी मोजला तर किंचित लंबगोल भरतो. रबरवूडला सागवानी रंग देऊन विकण्याचे प्रकार होतात. तिथेही बैठकीखालची कोरी जागाच खरं सांगते.

आता किमतीचं. डगमगणाऱ्या खुर्चीला घाबरण्याचं कारण नाही, स्क्रू आवळून ती बहुतेकदा सावरते. फाटका वेत नव्याने विणता येतो. विणणाऱ्याची मजुरी किमतीतून वजा करावी. वाकवलेली कमान तडकली असेल तर मात्र किंमत निम्म्याहूनही खाली धरावी असं माझं मत आहे, कारण तसा तुकडा गावातला सुतार करून देऊ शकत नाही. किडीची भोकं असतील तर खुर्ची पांढऱ्या कागदावर आपटावी. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. चार-सहा खुर्च्यांचा जुळता संच सुट्या खुर्च्यांच्या बेरजेपेक्षा मोलाचा.

घडणीला आणि पूर्वेतिहासाला किती भाव येतो हे चंदीगडने दाखवलं. वास्तुविशारद पिएर जान्नरे यांच्या काळातल्या सागवानी खुर्च्या तिथल्या सरकारी कचेऱ्यांतून भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि परदेशी लिलावघरांत लाखोंना विकल्या गेल्या. अनेकींच्या पाठीवर खात्याची अक्षरं रंगवलेली असत. पण रंगवलेली अक्षरं उद्याही रंगवता येतात, म्हणून अशा खुर्चीबरोबर जुन्या लिलावाची पावती नसेल तर मोठी रक्कम मोजू नये.

पॉलिशवाल्याकडे खुर्ची देण्याआधी लेबल आणि शिक्क्याचे फोटो काढून ठेवावेत. तिथे सँडपेपर फिरवायचा नाही असं त्याला स्पष्ट बजावावं आणि जमलं तर घासकाम चालू असताना समोर उभं राहावं.