हात हलतो? ट्रायपॉड घ्या!
“डॉक्टर, माझे फोटो हलतात. कंपवात तर नाही ना?” बाह्यरुग्ण विभागात एका निवृत्त शिक्षकांनी विचारले. तपासले, तसे काही नव्हते. निरोगी हातालाही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप असतोच. दम लागला, चहा जास्त झाला की तो वाढतो. त्याला औषध नको, ट्रायपॉड पुरे.

प्रवासासाठी दीड किलोच्या आतला, पण कॅमेऱ्याचे वजन पेलणारा घ्या. पायांच्या जाड नळ्या आधी उघडा, मधला दांडा खालीच ठेवा, वाऱ्यात त्याला पिशवी अडकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. उंची कमी पडली तर कमरेत वाकू नका, खाली बसा.

मात्र हात मांडीवर विसावलेला असतानाही थरथरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.