बांध आणि विमा

सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस अंबा नदीतून खाली येतो आणि त्याच वेळी धरमतरच्या खाडीतून उधाणाचे पाणी वर चढत असते. या दोन पाण्यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे गडब परिसरातील श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. १९८९ च्या जुलैत याच अंबेने जांभूळपाड्याची कशी दैना केली, ते ज्येष्ठांना आठवत असेल.

आपल्या पूर्वजांनी या पाण्याला बांध घातले. बांध एकट्याने टिकत नाही, हे ते जाणून होते. म्हणून जुन्या शिलोत्री पद्धतीत खारजमीन कसणारा प्रत्येक जण बांधाच्या डागडुजीसाठी भाताचा ठरलेला वाटा देई. खांड कोणाच्या शेताशी पडेल हे ठाऊक नसे. वाटा मात्र सर्वांचा असे. विम्याचे तत्त्व याहून वेगळे नाही. पुष्कळांनी दरसाल थोडे द्यावे आणि ज्याच्या घरात पाणी शिरेल त्याला त्यातून उभे करावे.

'सरकार मदत देतेच की!' असे कोणी म्हणेल. देते, पण ती तातडीचा आधार असते, घर पुन्हा उभारण्याइतकी नसते.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाचा विमा सर्वत्र मिळू लागला. त्यात आगीबरोबर पूर आणि वादळही येते. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या भावावर नव्हे. घराचा विमा काढला की त्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानालाही संरक्षण मिळते. दागिन्यांसाठी मात्र वेगळी तजवीज करावी लागते.

भाडेकरूंना वाटते, घर आपले नाही, मग विमा कशाला? पण भिंती मालकाच्या असल्या तरी कपाट, शिलाईयंत्र, मुलांची पुस्तके आपलीच असतात. मालकाच्या विम्यातून त्यांची भरपाई होत नाही. केवळ सामानाचाही विमा काढता येतो.

आणखी एक सावधगिरी हवी. घरगुती विम्यात धंद्याचा माल येत नाही. पेण, हमरापूरच्या कारखान्यांत ऐन पावसाळ्यात गणपती रंगायला ठेवलेले असतात आणि कच्च्या शाडूला पाण्याचा स्पर्शही पुरतो. अशा मालासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हा निराळा विमा आहे.

विमा काढल्यावर सामानाची यादी, पावत्या आणि छायाचित्रे घराबाहेर सुरक्षित ठेवावीत. पाणी शिरले तर कंपनीला लगेच कळवावे.

विम्याने पूर थांबत नाही. त्यासाठी बांध आणि मोकळे नाले हवेतच. पण पाणी ओसरल्यावर कर्जाचे दार ठोठावण्याची पाळी मात्र टळते. पूर येऊन गेल्यावर काढलेला विमा झालेल्या हानीच्या कामी येत नाही. आपल्याकडे बांधाची डागडुजी मृगापूर्वी होते; विम्याचा विचारही तेव्हाच व्हावा.