बाबागाडी पायथ्याशी

अजिंठ्याच्या लेण्यांच्या दारापर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही. ती फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायची, दुकानांच्या रांगेतून चालत जायचं आणि बसमध्ये बसून उरलेले चारेक किलोमीटर वाघूर नदीच्या खोऱ्यात शिरायचं. बस थांबते तिथून पुढे तिकीट खिडकी आणि खिडकीपुढे पायऱ्या. सुट्टीच्या दिवशी या पायऱ्यांवर हमखास दिसणारी एक वरात आहे. चार चाकांची, डोक्यावर छत्री, दांड्याला पाण्याच्या बाटलीची खाच असलेली भारी बाबागाडी. पुढून बाबांनी उचललेली, मागून काकांनी. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दीड वर्षाची बाईसाहेब आजीच्या कडेवर. गाडीत डायपरची पिशवी तेवढी बसलेली.

पायऱ्यांच्या कडेला डोलीवाले गिऱ्हाइकाची वाट बघत असतात. त्यांना यात नवल उरलेलं नाही. चाकाचं राज्य या पहिल्या पायरीला संपतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांचं पोटच त्यावर चालतं.

डोली म्हणजे नवरीची, पडदे लावलेली ती नव्हे. इथली डोली म्हणजे एक खुर्ची, तिच्या दोन्ही अंगांना घट्ट बांधलेल्या दोन लांब दांड्या आणि चार माणसं. बसणाऱ्याने आधी टेकायचं, मग चौघे एका हाकेसरशी दांड्या खांद्यावर घेतात. खांद्यावर घडी घातलेला टॉवेल असतो. तो घामासाठी वाटतो, पण खरं काम दांडीचा काच अडवण्याचं. डोली उचलली की पहिली दोन-चार पावलं जरा अडखळत पडतात, मग चौघांची चाल एक होते. ती एक झाली नाही तर खुर्ची झुलू लागते आणि झुलणारं वजन बसलेल्या वजनापेक्षा जड लागतं. चढावर पुढचे दोघे वर आणि मागचे खाली, म्हणजे खुर्ची मागे कलते. म्हणून पुढचे दांडी जरा खाली घेतात, मागचे वर उचलतात. सत्तर किलोचा माणूस आणि वर खुर्ची-दांड्यांचं वजन धरलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस किलोंच्या पुढेच येतं. खांदा बदलण्यापुरतं थांबायचं, पुन्हा उचलायचं.

डोलीत बसतात ती बहुतेक वयस्कर मंडळी: गुडघे गेलेल्या आज्या, नुकतंच ऑपरेशन झालेले आजोबा, लांबून आलेले बौद्ध यात्रेकरू. कधीकधी आजीच्या मांडीवर नातवंडही चढतं. मला विचाराल तर ते चढवू नये. उंचावर, कलत्या खुर्चीत, चुळबुळ्या मुलाला नुसत्या हातांनी धरून ठेवणं आजीला झेपणारं नसतं आणि खालच्या चौघांना वजन कुठे सरकेल याचा अंदाज राहत नाही.

मुळात ही लेणी चालत फिरण्यासाठीही अशी, म्हणजे एका ओळीत, योजलेली नव्हती. घोड्याच्या नालासारख्या वळणाच्या, सुमारे ७६ मीटर उंच कड्यात तीसएक लेणी खोदली आहेत: सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, उरलेली पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाच्या आसपासची. त्या काळी प्रत्येक लेण्याला खाली नदीपर्यंत जाणारा स्वतःचा जिना होता, खडकातच कोरलेला. भिक्षू खालून वर यायचे, शेजारच्या लेण्यातून नव्हे. ते जिने आता जवळजवळ नाहीसे झाले आहेत. आज आपण ज्या कठड्याच्या वाटेने एक नंबरपासून सव्वीसपर्यंत जातो, ती वाट अलीकडची. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली, तेव्हा ही वाट नव्हती. तिच्यावर सपाट तुकडे आहेत, तिथे बाबागाडी चार पावलं धावते आणि आईबापांना उगाच आशा वाटते. पुढे लगेच पायऱ्या येतात. शिवाय चित्रांच्या लेण्यांत पायताण बाहेर काढून जायचं, आत अंधार, दाराला उंबरा. तिथे गाडीचं काय करणार?

चाक ही मोठी गोष्ट खरी, पण चाकाला आधी कुणीतरी रस्ता करून द्यावा लागतो, हे आपण शहरात राहून विसरतो. जिथे तो नाही तिथे मूल न्यायचे दोनच मार्ग माणसाने शोधले: उचलायचं किंवा घसरवायचं. आपल्याकडे सगळं उचलण्यावर. घसरवण्याची अक्कल बर्फाच्या देशांत वाढली, आणि आता तिचा वापर करणाऱ्यांत मराठी घरंही आहेत. टोरोंटो, मिनियापोलिस, ऑस्लो, हेलसिंकी, जिथे कुठे आपली मुलं नोकरीला गेली तिथे पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या लक्षात येतं की इथून नेलेली किंवा तिथे हौसेने घेतलेली बाबागाडी नोव्हेंबरनंतर दाराआड उभी राहते. ताज्या बर्फात तिची पुढची छोटी चाकं रुततात, आपल्याच पुढे बर्फाचा ढीग गोळा करतात आणि त्यालाच अडून बसतात.

त्यावर तिथला उपाय म्हणजे स्लेज-बाबागाडी. चाकांच्या जागी दोन लांब पट्ट्या, पुढून वर वळलेल्या. पट्टी वजन लांबवर पसरवते म्हणून रुतत नाही, आणि वळलेलं टोक बर्फाला ढकलत न बसता त्याच्यावर चढतं. दाबून घट्ट झालेल्या सपाट बर्फावर अशी गाडी ओढायला एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जोर पुरतो. पंधरा किलोचं पोर एका हाताने ओढता येतं. हे आजचं खूळ नव्हे. उत्तर युरोपातल्या सामी लोकांची रेनडिअरने ओढायची होडीच्या आकाराची गाडी जुनी आहे. नॉर्वेतले आईबाप आज स्कीवर चालताना कमरेला पट्टा बांधून मागे मुलाला ओढतात तो 'पुल्क' तिच्याच वंशातला. स्वीडनमध्ये १८७० च्या सुमारास 'स्पार्क' दिसू लागली: दोन लांब पट्ट्यांवर एक खुर्ची, मागे एका पट्टीवर एक पाय ठेवून उभं राहायचं आणि दुसऱ्याने जमिनीला रेटा द्यायचा. पुढच्या खुर्चीत मूल, म्हातारी किंवा किराणा, जे असेल ते.

मराठी माणसाला यातलं जवळचं रूप माहीत आहे ते गुलमर्ग-सोनमर्गचं. काश्मीरच्या सहलीतून परतलेल्या प्रत्येक घरात तो फोटो असतो: लाकडी स्लेज, वर जाड कोट घातलेली आई, तिच्या मांडीवर टोपीत बुडालेलं बाळ आणि पुढे दोरी ओढणारा काश्मिरी माणूस. सपाटीवर दोरी ठीक. उतारावर मात्र दोरी नुसती ओढते, थांबवत नाही. मागची स्लेज ओढणाऱ्याच्या टाचांवर येऊन आदळते. म्हणून तिथला स्लेजवाला उतारावर दोरी सोडून स्वतः पुढे बसतो आणि बुटांच्या टाचा बर्फात रोवत वेग आवरतो. मुलांसाठीच्या चांगल्या पुल्कला दोरीऐवजी दोन ताठ दांड्या असतात त्या याचसाठी. अजिंठ्याच्या डोलीच्या दांड्याही तेच करतात: वजन आणि माणूस यांच्यातलं अंतर बदलू देत नाहीत.

शहरात स्लेजचीही फजिती होते. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत फुटपाथवरचा बर्फ खरवडून वर मीठ टाकतात. मग घराच्या दारात बर्फ, पुढे उघडं काँक्रीट, पुढच्या वळणावर पुन्हा बर्फ. उघड्या काँक्रीटवर स्लेजची पट्टी खरखरते आणि जागच्या जागी अडते. म्हणून तिथे सध्या चलती आहे ती चाकाखाली बसवायच्या छोट्या स्कींची: बर्फ आला की लावायच्या, संपला की काढायच्या. निम्मं चाक, निम्मी स्लेज. दिसायला ओबडधोबड, पण दोन तऱ्हांच्या जमिनीवर रोज पाळणाघर गाठायचं तर असली तडजोडच उपयोगी.

एक सावधगिरी मात्र तिथल्या अनुभवी आया नव्या आईला आधी सांगतात आणि ती अजिंठ्यालाही तितकीच लागू आहे. ओढणारा चालून घामाघूम होतो, त्यामुळे त्याला थंडी कळत नाही. बसलेलं मूल मात्र हलत नाही, ते आतून गार पडत जातं. हाताची बोटं बघून काही समजत नाही, मानेमागे हात घालून बघायचं. आपल्याकडे हेच उलटं. एप्रिल-मे महिन्यात अजिंठ्याचा काळा बेसाल्ट दुपारी तव्यासारखा तापलेला असतो, पारा चाळिशीच्या पुढे. छातीशी बांधलेल्या मुलाला आईच्या अंगाची ऊब आणि वरून उन्हाची झळ, असा दुहेरी मार बसतो. तिथेही मानेमागेच हात घालायचा. ओलीचिंब घामेजलेली मान हाताला लागली तर लेण्याच्या व्हरांड्यात बसा, पाणी द्या. चित्रं कुठे पळून जात नाहीत.

आणि चित्रांत हाच विषय आहे! १७ व्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलं आहे. राज्याचा हत्ती दान करून टाकल्याबद्दल हद्दपार झालेला राजपुत्र, त्याची बायको माद्री आणि दोन मुलं रथात बसून नगराबाहेर निघाली आहेत. चार घोड्यांचा तो रथ भिंतीवर आजही ओळखू येतो. कथेत पुढे वाटेत कुणी घोडे मागतो, कुणी रथच मागतो, आणि दानशूर विश्वंतर देऊन टाकतो. मग उरते पायवाट. जाली हा मुलगा जड म्हणून त्याला बाप घेतो, मुलगी धाकटी आणि हलकी म्हणून तिला आई घेते. दोन हजार वर्षं जुन्या कथेत वजनाची ही वाटणी इतकी घरगुती आहे की आजही टी-पॉइंटच्या बसमधून उतरणारं कुठलंही जोडपं ती न बोलता करतं. (पुढे हा सद्‌गृहस्थ मुलंसुद्धा दान करतो. त्याबद्दल आजच्या आईबापांना जे वाटायचं ते वाटो.) दुसऱ्या लेण्यात तर मुलांची राखणदार हारीती पती पांचिकासह बसली आहे, मांडीवर मूल, आणि खाली बैठकीच्या पट्ट्यात चिमुकली शाळा: छडीवाले गुरुजी, पुढची शहाणी मुलं आणि मागे मेंढ्यांच्या झुंजीत रमलेली उनाड. कडेवरच्या पोराला ही पट्टी जरूर दाखवा. नेमकी त्याच्या उंचीची गंमत आहे.

लेण्यांच्या भोवतालचा सोयगाव-सिल्लोडचा मुलूख कापसाचा. वेचणीला गेलेली बाई बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधते, मूल त्यात झोपतं. घरी परतताना तेच मूल कडेवर किंवा पाठीला. या मुलखाला मूल उचलण्याची विद्या शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. उचलणं ही हौस नसून नाइलाज असतो, हेही इथेच लक्षात ठेवलं पाहिजे. सातपुड्यात नंदुरबारच्या पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून रस्त्यापर्यंत आणतात, त्या झोळीला वर्तमानपत्रं 'बांबूलन्स' म्हणतात. ती बातमी आली की आपण हळहळतो, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा येते.

म्हणून डोलीकडे नुसतं कौतुकाने बघू नये. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हा त्यामागचा विचार. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, सप्तशृंगीला २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली. मग अजिंठ्यालाच डोली का? माथेरानला ई-रिक्षा हा पर्याय आहे. अजिंठ्याच्या पायऱ्या ई-रिक्षा चढणार नाही, आणि रंगवलेल्या भिंतींच्या डोक्यावर यंत्रं बसवण्यापूर्वी शंभरदा विचार करावा लागेल. तोवर डोली राहणार. राहणार असेल तर निदान दराचा ठळक फलक, वजनाची मर्यादा आणि चौघांना वाटेत टेकायला सावलीची जागा, एवढं व्हायला हवं. घासाघीस करून वाचवलेले पैसे चौघांत विभागले जातात, हे डोलीचा भाव ठरवताना आठवावं.

आणि मुलांसाठी? बाबागाडी टी-पॉइंटला गाडीतच ठेवा. कापडी झोळी किंवा पाठीवरचा पट्टा आणा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, सकाळी लवकर या, सोमवार टाळा. सोमवारी लेणी बंद असतात. पर्यटन महामंडळाला आणि पुरातत्त्व खात्याला एक सुचवणं आहे. तिकीट खिडकीशेजारी चांगल्या शिवणीच्या झोळ्या भाड्याने ठेवाव्यात आणि त्या शिवण्याचं काम फर्दापूर-अजिंठ्याच्या महिला बचत गटांना द्यावं. कापूस त्यांच्या शेतातला आहे आणि मूल बांधण्याची रीतही त्यांच्याच घरातली.