वैमानिकाचे लोकरी जॅकेट आणि आपल्या बडोद्याची थंडी



यंदाच्या हिवाळ्यात आठवी ते दहावीच्या वर्गांतून एका जॅकेटची बरीच चर्चा आहे. तपकिरी रंग, रुंद कॉलर, आत पांढरट लोकर, समोर जाड चेन आणि कमरेशी पट्टा. मुले त्याला ‘पायलट जॅकेट’ म्हणतात. जुन्या युद्धपटांतील वैमानिक असेच जॅकेट घालतात, म्हणून त्याची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. पालक सभेत या विषयावर तीन प्रश्न आले. शाळेत ते चालेल का? बाजारात मिळते ते घेण्यासारखे असते का? आणि ज्या घरात मांसाहार वर्ज्य आहे, त्या घराने मेंढीचे कातडे अंगावर घ्यावे का?

नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगून हा विषय संपवता आला असता. परंतु शाळेने कारण समजावून सांगावे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

हे जॅकेट आले कुठून?

विमानाचा शोध १९०३ साली लागला. त्यानंतर बरीच वर्षे विमानांचे कॉकपिट उघडेच असत. डोक्यावर छप्पर नाही, समोर छोटीशी काच, आणि ताशी शंभर-दीडशे किलोमीटर वेगाने तोंडावर आदळणारा वारा. पहिल्या महायुद्धात अशाच उघड्या विमानांतून लढाया झाल्या. त्यात आपल्या मुंबईचा एक मराठी तरुणही होता, श्रीकृष्ण वेलिंगकर. ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते आणि जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर त्यांना वीरमरण आले. त्यांचे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे. त्या काळचे वैमानिक चामड्याचे लांब कोट, लोकरी मफलर आणि फरचे हातमोजे घालून उडत.

पुढे विमाने अधिक उंच जाऊ लागली आणि हे कपडे अपुरे पडू लागले. लेस्ली इर्विन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ होता. १९१९ साली त्याने विमानातून उडी मारून, हवेत स्वतःच्या हाताने दोरी ओढून पॅराशूट उघडून दाखवले. त्याने १९२६ मध्ये इंग्लंडमधील लेचवर्थ गावी पॅराशूटचा कारखाना काढला, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस मेंढीच्या कातड्याचे हे जॅकेट तयार केले. ब्रिटिश वैमानिकांमध्ये ते ‘इर्विन जॅकेट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. अमेरिकेच्या लष्करी विमानदलानेही १९३४ मध्ये त्याच जातीचे ‘बी-३’ नावाचे जॅकेट स्वीकारले. आज दुकानांत ‘जुन्या पद्धतीचे’ म्हणून जे विकले जाते, ते बहुधा या दोहोंपैकी एकाची नक्कल असते.

थंडी किती? गणित करून पाहू

सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे हे गणित आहे. जमिनीपासून वर जाताना दर एक किलोमीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने कमी होते. जमिनीवर १५ अंश तापमान आहे असे धरा. ६ किलोमीटर उंचीवर ६ × ६.५ म्हणजे ३९ अंशांची घट. १५ मधून ३९ वजा केले की उरतात उणे २४ अंश. ९ किलोमीटरवर हेच उत्तर उणे ४३.५ येते.

दुसऱ्या महायुद्धातील मोठ्या बाँबफेकी विमानांत तोफा चालवणारे जवान अशा थंडीत उघड्या खिडकीशी तासन्‌तास उभे राहत. कित्येकांच्या हातापायांना हिमदंश झाला. म्हणजे हे जॅकेट शोभेसाठी शिवलेले नव्हते. कॉलर रुंद, कारण ती उभी करून कान आणि मान झाकायची असे. लांबी कमरेपर्यंतच, कारण पॅराशूटचे पट्टे बांधून अरुंद जागेत बसायचे असे. इर्विन जॅकेटच्या बाहीला चेन, कारण जाड हातमोजे घालायचे असत. त्याचा प्रत्येक भाग अशा गरजेतून आलेला आहे.

मेंढीचे कातडेच का?

याचे उत्तर आपल्या घोंगडीत आहे. महाराष्ट्रातील धनगर बांधव पावसापाण्यात आणि कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून माळरानावर रात्र काढतात. आपल्या गुजरातेतील रबारी आणि भरवाड लोकही लोकरीची किंमत जाणतात. लोकर स्वतः गरम नसते. तिचे केस कुरळे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून स्थिर राहते. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असते, त्यामुळे शरीराची ऊब बाहेर जात नाही.

लोकरीचा दुसरा गुण म्हणजे ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. घाम आला तरी अंग चिकट होत नाही. मात्र विणलेल्या घोंगडीतून जोराचा वारा आरपार जातो. मेंढीचे कातडे लोकरीसकट कमावले, तर आत लोकर हवा धरते आणि बाहेरची कातडी वारा अडवते. दोन कामे एकाच वस्तूत होतात. चांगल्या जॅकेटसाठी अशा मेंढीचे कातडे घेतात जिची लोकर एकदा कातरून पुन्हा थोडी वाढू दिलेली असते. त्यामुळे सगळे केस सारख्या लांबीचे मिळतात.

आकाशात बडोद्याचे नाव

या विषयाचा आपल्या गावाशी काय संबंध, असे कोणी विचारेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव दिले गेले होते. बडोदे संस्थानाने युद्धासाठी दिलेल्या मदतीची ती पोच होती. त्या वेळी प्रतापसिंहराव गायकवाड महाराज गादीवर होते. ही स्क्वाड्रन १९४१ मध्ये नव्याने उभी राहिली आणि तिच्याकडे स्पिटफायर विमाने होती. पुढे तिला खूप उंचावर लढण्यासाठी बनवलेली खास स्पिटफायर विमाने मिळाली. त्यांच्या कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय होती.

येथूनच या जॅकेटचा उतार सुरू झाला, असे म्हणता येईल. बंद, दाब राखणारी आणि गरम ठेवलेली कॉकपिटे आली, विजेवर तापणारे पोशाख आले, पुढे हलके नायलॉनही आले. दोन-तीन किलोचे जाड कातडे अरुंद जागेत अडचणीचे ठरू लागले.

आपल्या देशातही त्या कठीण काळाची आठवण आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा विमान लेह येथे उतरवले. साडेअकरा हजार फूट उंचीवरची ती कच्ची धावपट्टी, आणि वाटेत हिमालयाच्या रांगा. डकोटात दाब राखण्याची सोय नव्हती. लडाख वाचवण्यात त्या उड्डाणाचा मोठा वाटा आहे.

आणि आज? आमच्या शाळेजवळचा मकरपुरा राजवाडा, जो गायकवाडांचे उन्हाळी निवासस्थान होता, तेथे स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आले. आपल्या शहरातच सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्याचे २८ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले. एकूण ५६ विमानांपैकी ४० येथे बनायची आहेत. मुलांनो, वैमानिकाचे जॅकेट घालण्याची हौस चांगली, पण विमान बनवण्याची आणि चालवण्याची हौस त्याहून चांगली!

रोजच्या वापरात काय होते?

बडोद्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८ ते ३० पर्यंत चढतो. उणे चाळीस अंशांसाठी शिवलेला कपडा येथे सकाळी सात वाजता सुखाचा वाटेल, पण दहाच्या सुटीत असह्य होईल. मग तो काढून बाकावर ठेवायचा, त्याची राखण करायची आणि अभ्यासाकडे दुर्लक्ष करायचे.

स्कूटरवर वारा लागतो हे खरे. १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाने गेल्यास उघड्या त्वचेला सुमारे ६ अंशांसारखी थंडी जाणवते. त्यासाठी आत सुती बनियन, वर स्वेटर आणि त्यावर वारा न शिरणारे साधे पातळ जाकीट एवढे पुरे आहे. ऊन चढेल तसा एकेक थर काढता येतो. जाड जॅकेटला ही सोय नाही. लेह किंवा मनालीला हिवाळ्यात जाणार असाल, तर गोष्ट वेगळी.

खरे आणि नकली

बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त जॅकेटे मेंढीची नसतात. बाहेर रेक्झीन असते आणि आत पॉलिएस्टरची कृत्रिम लोकर. ओळखण्याची रीत सोपी आहे. लोकर बोटांनी बाजूला करून मुळाशी पाहावे. खऱ्या वस्तूत केस कातडीतूनच उगवलेले दिसतात. नकलीत मुळाशी विणलेले कापड दिसते. नकली वस्तू वाईट असे आमचे म्हणणे नाही, पण तिची किंमत खऱ्याच्या भावात देऊ नये. आपल्या दमट पावसाळ्यात रेक्झीनचे पापुद्रे दोन-चार वर्षांत सुटू लागतात, हेही लक्षात ठेवावे.

ज्यांच्या घरी खरे जॅकेट आहे, त्यांनी ते पाण्यात धुऊ नये आणि कडक उन्हात वाळत घालू नये, कातडी तडकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनही ठेवू नये, बुरशी येते. रुंद हँगरवर, सुती कापडाने झाकून, हवेशीर कपाटात ठेवावे. लोकरीला कसर लागते, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा तपासावे.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी तिच्या आजोबांचे हवाई दलातील दिवसांचे असे एक जुने जॅकेट जपून ठेवले आहे. ते शाळेत घालून यावे का, असे तिने विचारले. आम्ही सांगितले, ‘‘बेटा, रोज घालू नकोस. प्रजासत्ताक दिनाच्या प्रदर्शनात आण, आणि आजोबांनाही बरोबर आण.’’ त्या वस्तूमागची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखी आहे.

कातडे आणि अहिंसा

हा प्रश्न काही पालकांनी संकोचून विचारला, पण तो महत्त्वाचा आहे. घोंगडीसाठी मेंढी मारावी लागत नाही, लोकर कातरली जाते आणि मेंढी पुन्हा चरायला जाते. कातड्याच्या जॅकेटसाठी मात्र मेंढीचा जीव गेलेला असतो. मेंढ्या मुख्यतः मांसासाठी मारल्या जातात आणि कातडे हे त्याबरोबर मिळणारे उत्पादन आहे, हेही खरे. यातून काय घ्यावे हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. शाळेची एवढीच अपेक्षा आहे की जो घालतो त्याला कोणी पापी म्हणू नये आणि जो घालत नाही त्याला कोणी मागासलेला म्हणू नये.

बिल्ल्यांबाबत सूचना

काही जॅकेटांवर हवाई दलाची पंखचिन्हे आणि बिल्ले शिवलेले असतात. वाघाचे कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. नुसते जुन्या पद्धतीचे जॅकेट घालणे गुन्हा नाही. परंतु आपण सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने तसा वेश किंवा खूण धारण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हवाई दलाच्या शेजारी राहणाऱ्या आपण सर्वांनी हे भान ठेवावे. ती पंखचिन्हे कठीण प्रशिक्षणानंतर मिळतात.

शाळेचा निर्णय

शाळेत येता-जाता थंडीपासून बचाव म्हणून कोणतेही गरम वस्त्र चालेल. वर्गात मात्र गणवेशाचा गडद निळा स्वेटरच राहील. हा नियम जॅकेटच्या रागाने केलेला नाही. एका वर्गात एकाच्या अंगावर हजारोंचे जॅकेट आहे आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा बाह्या ओढून हात लपवतो आहे, असे दृश्य आम्हाला नको आहे. गणवेशाचा अर्थ हाच की निदान शाळेत तरी कोणाच्या वडिलांची कमाई कपड्यांवरून दिसू नये.

आणि हे खरे आहे की आमच्या काही मुलांकडे आजही धड स्वेटर नाही. ती सांगत नाहीत, पण सकाळच्या प्रार्थनेत आम्हाला दिसते. एका नकली जॅकेटच्या पैशांत शाळेचे दोन-तीन स्वेटर सहज येतात. म्हणून पालकांना विनंती आहे की लहान झालेले, चांगल्या स्थितीतील स्वेटर धुऊन शाळेच्या कार्यालयात जमा करावेत. विश्वस्त मंडळाला विनंती आहे की दरवर्षी दिवाळीनंतर थोडी रक्कम या कामी मंजूर करावी. ज्याला हवा त्याला स्वेटर कार्यालयातून मिळेल, आणि देणाऱ्याचे वा घेणाऱ्याचे नाव कोठेही लावले जाणार नाही.

सर्वांना आरोग्यपूर्ण हिवाळ्याच्या शुभेच्छा.

— मुख्याध्यापक